दक्षिणेपासून करंडकापर्यंत

पर्वतीच्या पायथ्याला रमणा नावाचं एक मोठं बंदिस्त आवार होतं. श्रावण लागला की देशाच्या कानाकोपऱ्यातले ब्राह्मण पुण्याची वाट धरत आणि दक्षिणेच्या दिवशी इथे गोळा होत. सगळे आत आले की दरवाजे बंद व्हायचे. मग एकेकाला बाहेर सोडायचं आणि दारातच त्याच्या हातावर रक्कम ठेवायची, अशी रीत. बाहेर पडलेल्याला पुन्हा आत शिरायला वाव नाही, म्हणजे एकाने दोनदा हात पसरण्याची सोय नाही. पेशव्यांच्या कारकुनांची ही युक्ती आजच्या कुठल्याही अनुदान योजनेने गिरवावी इतकी चोख होती.

या दानाचा पायंडा मात्र पेशव्यांचा नव्हे. तळेगावला सेनापती खंडेराव दाभाडे श्रावणात दक्षिणा वाटत. 1731 मध्ये डभईच्या लढाईत त्यांचा मुलगा त्रिंबकराव पडला, दाभाड्यांचा जोर ओसरला आणि दक्षिणा पुण्याला आली. पुढे तिचा आकडा लाखांत गेला. सरसकट वाटपाच्या जोडीला दुसरा एक प्रकार होता. शास्त्री-पंडितांची परीक्षा घ्यायची आणि विद्वत्ता पाहून रक्कम ठरवायची. रामशास्त्री प्रभुण्यांची एक गोष्ट पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ते वाटपाला बसलेले असताना समोर त्यांचा सख्खा भाऊ आला. शेजारी नाना फडणीस होते. त्यांनी वीस रुपये द्यावेत असं सुचवलं. रामशास्त्र्यांनी इतरांसारखे दोनच दिले. भाऊ म्हणून जे द्यायचं ते आपण घरून देऊ, सरकारी पैशात त्याची विद्वत्ता चारचौघांइतकीच, असा त्यांचा हिशेब. गोष्ट घडलेली असो की रचलेली, परीक्षकाकडून लोक काय अपेक्षा करत होते ते तिच्यातून नेमकं कळतं.

मराठीत पुस्तकं लिहिणाऱ्यांना रोख बक्षीस देण्याची जी सरकारी योजना पुण्यात निघाली, ती याच दक्षिणेच्या पैशातून.

1818 मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याच्यापुढे पेच होता. दक्षिणा एकदम बंद करावी तर पुण्यातला ब्राह्मणवर्ग बिथरणार. चालू ठेवावी तर कंपनी सरकारचा खजिना गळणार. त्याने मधला मार्ग काढला. रक्कम 50 हजारांवर आणली आणि त्याच पैशातून 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. धर्मादाय हळूहळू शिक्षणाकडे वळवायचा हा डाव होता. 1830च्या दशकात नव्या माणसांना दक्षिणा लावणं सरकारने थांबवलं. जुने दक्षिणाधारक वारत गेले तशी रक्कम शिल्लक पडू लागली, आणि शिल्लक पडलेल्या सरकारी पैशावर सगळ्यांचाच डोळा असतो.

1849 मध्ये पुण्यातल्या काही तरुणांनी सरकारकडे अर्ज केला. त्यांत पुढे होते गोपाळ हरी देशमुख, म्हणजे ‘प्रभाकर’ पत्रात त्याच सुमारास ‘शतपत्रे’ लिहिणारे लोकहितवादी. दक्षिणेतला काही भाग मराठीत उपयोगी ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा, आणि देताना जात पाहू नये, अशी त्यांची मागणी. सनातनी मंडळी खवळली. वाडवडिलांपासून चालत आलेला ब्राह्मणांचा हक्क म्लेंच्छांच्या दारात नेऊन विकणारे हे कोण? बहिष्काराची भाषा सुरू झाली, हातघाईवर येण्याची लक्षणं दिसू लागली. त्या वेळी जोतीराव फुले आपली माणसं घेऊन सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले, असं त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवलं आहे. जोतीराव तेव्हा ऐन विशीत होते आणि मुलींची शाळा काढून त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं.

सरकारने अर्ज मान्य केला. 1851 मध्ये ‘दक्षिणा प्राइझ कमिटी’ कामाला लागली.

कमिटीचा कारभार तसा सरळ. लेखकाने आपलं बाड पाठवायचं, सभासदांनी ते वाचायचं, पसंत पडलं तर बक्षीस द्यायचं. सभासदांत काही युरोपियन अधिकारी आणि काही पुण्यातले विद्वान ब्राह्मण. त्या काळच्या मराठी लेखकाची अवस्था लक्षात घेतली तर या व्यवस्थेचं मोल कळेल. छापखाने होते, पण पुस्तक विकत घेणारा वाचक बोटांवर मोजण्याइतका. पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी, म्हणजे आजचं नगर वाचन मंदिर, 1848 मध्ये उघडली. त्याआधी रत्नागिरी, अहमदनगर, नाशिक अशा गावांत ग्रंथालयं निघाली होती. पण त्यांच्या कपाटांत ठेवायला मराठी पुस्तकं किती होती? लेखकाचा खरा गिऱ्हाईक वाचक नव्हताच. शाळाखातं आणि कमिटी हेच त्याचे मायबाप. गिऱ्हाईक एकच असला की माल त्याच्या आवडीचा निघतो.

कमिटीला काय आवडत होतं? एक तर इंग्रजीतून आणलेलं उपयुक्त ज्ञान, आणि दुसरं म्हणजे संस्कृत अभिजात नाटकं. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी ‘वेणीसंहार’, ‘उत्तररामचरित’, ‘शाकुंतल’, ‘मृच्छकटिक’ अशी एकामागून एक नाटकं 1850 आणि 1860च्या दशकांत मराठीत आणली. कृष्णशास्त्री राजवाड्यांनी ‘मालतीमाधव’ आणि ‘मुद्राराक्षस’ आणलं. भाषांतरं जाणकारीने केलेली होती, आणि किर्लोस्करी रंगभूमी पुढे उभी राहिली तेव्हा कालिदास मराठी प्रेक्षकाला परका राहिला नव्हता, यात त्यांचा वाटा आहेच. पण ज्याच्या घरात संस्कृत नाही त्याला या बक्षिसाकडे जायचा रस्ता अवघडच होता. शिवाय सरकारी पुस्तकांच्या मराठीवर मेजर थॉमस कँडी यांची नजर असे. स्वल्पविराम, पूर्णविराम ही चिन्हं मराठीत रूढ केली ती कँडींनी. मराठी माणसाच्या मराठीत चुका काढणारा इंग्रज मेजर ही त्या काळातली एक मजेदार आणि किंचित बोचरी गोष्ट. विष्णुशास्त्री चिपळूणकरांना ती चांगलीच बोचली होती. 1874 मध्ये ‘निबंधमाला’ काढली तेव्हा ना बक्षिसाची वाट पाहिली, ना कमिटीची. वर्गणीदारांच्या जिवावर 84 अंक काढले.

1855 मध्ये कमिटीकडे एक नाटक आलं. नाव ‘तृतीय रत्न’, लेखक जोतीराव फुले.

नाटकाचं कथानक साधं आहे. एका कुणब्याची बायको जोगाई पोटुशी आहे. घरी धनी नाही असं पाहून जोशी येतो, पत्रा काढतो, ग्रहांची भीती घालतो. पोटातल्या बाळाची पीडा टाळायची तर अनुष्ठान, अनुष्ठान म्हणजे ब्राह्मणभोजन, भोजन म्हणजे तूप, डाळ, पीठ आणि वर दक्षिणा. कुणबी कर्ज काढतो. जोशाची भावकी येऊन जेवून जाते. विदूषक मधे मधे तोंड घालतो आणि जे प्रेक्षकाच्या मनात आहे ते फडाफडा बोलून दाखवतो. पुढे एक पाद्री येतो, वाद होतो, नवराबायकोचे डोळे उघडतात आणि दोघं रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतात. फुले दांपत्याने कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली तीही 1855 मध्येच. म्हणजे नाटकाच्या शेवटी पात्रं ज्या शाळेत निघाली आहेत, तिचा पत्ता पुण्यात कुणालाही विचारता आला असता. पडदा पडल्यावर प्रेक्षकाने कुठे जायचं हे इतक्या रोखठोकपणे सांगणारं दुसरं मराठी नाटक सापडणं कठीण.

दक्षिणेच्या पैशातून दक्षिणेवरच्या नाटकाला बक्षीस मागणं यात फुल्यांचा खट्याळपणा होता की कमिटीच्या न्यायबुद्धीवरचा विश्वास? दोन्ही असावं. योजना जातपात न पाहता चालावी म्हणून ते 1849 मध्ये सुधारकांच्या बाजूने उभे राहिले होते. आता तिची परीक्षा बघायची वेळ आली होती. कमिटीने नाटक नाकारलं. ‘गुलामगिरी’ या पुस्तकात फुल्यांनी या प्रकरणाचा उल्लेख केला आहे. ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, असं त्यांचं म्हणणं. पुस्तक बाजूला पडलं ते पडलंच. ‘तृतीय रत्न’ छापून लोकांसमोर आलं 1979 मध्ये. 124 वर्षं!

या नकाराबद्दल कमिटीला झोडपणं आज सोपं आहे. पण त्यातली खरी मेख वेगळीच आहे. कमिटी बेइमान होती असं म्हणायचं कारण नाही. ती आपल्या रुचीशी इमान राखून होती, आणि ही रुची कुठल्या वाड्यात घडली आहे याची तिला जाणीव नव्हती. रामशास्त्र्यांच्या गोष्टीत परीक्षकापुढे भाऊ उभा राहतो आणि परीक्षक त्याला ओळखतो, म्हणून त्याला स्वतःला आवर घालता येतो. पुण्याच्या कमिटीपुढे जी बाडं आली त्यांत आपला भाऊ कोणता हे तिला दिसतच नव्हतं.

दक्षिणेच्या पैशाचा आणखी एक फाटा होता. एल्फिन्स्टन आणि डेक्कन कॉलेजांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जात. न्या. रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर दोघेही तरुणपणी हे फेलो होते. म्हणजे ज्या पिढीने पुढे ग्रंथकारांना एकत्र आणलं तिचाही काही हिस्सा याच रमण्यातून बाहेर पडलेला. 11 मे 1878 रोजी रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात पहिलं ग्रंथकार संमेलन भरलं. बक्षीस ही सरकारने द्यायची गोष्ट. लेखकांनी आपण होऊन एकत्र येऊन ग्रंथप्रसाराचा विचार करावा ही कल्पना नवी होती. आज अखिल भारतीय साहित्य संमेलनाचा जो मांडव पडतो त्याची पहिली मेढ ती. 1885 मध्ये दुसरं संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष कृष्णशास्त्री राजवाडे, म्हणजे ‘मुद्राराक्षस’ मराठीत आणणारेच. रानड्यांनी फुल्यांना आमंत्रण धाडलं. फुल्यांनी पत्राने नकार कळवला. जे सर्व माणसांचे हक्क मनापासून मानत नाहीत त्यांच्या पुस्तकांशी आमच्या पुस्तकांचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा मथितार्थ. पत्रात ‘तृतीय रत्न’चं नाव नसलं तरी तीस वर्षांपूर्वीचा नकार त्याच्या पाठीशी आहे असं वाटल्यावाचून राहत नाही. मराठी संमेलनांवर बहिष्कार घालण्याची, प्रतिसंमेलन भरवण्याची जी परंपरा पुढे चालली तिचं मूळ याच पत्राशी जाऊन भिडतं.

फुल्यांनी मग वाचक कुठून मिळवला? त्यांनी तो गावोगाव जाऊन जमवला. ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883 मध्ये लिहून होत होता तेव्हा ते पुण्या-मुंबईपासून जुन्नर, ओतूरपर्यंत लोकांना तो वाचून दाखवत. ऐकणाऱ्यांत बडोद्याचे सयाजीराव गायकवाडही होते.

बक्षिसाने पुस्तकं लिहिली जातात, पण वाचली जात नाहीत, हे ज्याला नीट उमगलं असा संस्थानिक म्हणजे हा सयाजीराव. 1912 मध्ये त्यांनी देशी भाषांतल्या वाङ्मयासाठी दोन लाख रुपये बाजूला काढले. त्याच्या व्याजातून ‘श्री सयाजी साहित्यमाला’ आणि मुलांसाठी ‘बालज्ञानमाला’ निघाली. मराठी आणि गुजराती दोन्ही भाषांत पुस्तकं लिहवून घेतली गेली. इथवर तर दक्षिणेचीच सुधारून वाढवलेली आवृत्ती. फरक पुढे आहे. 1906 पासून बडोदा संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण होतं, म्हणजे अक्षर ओळखणारी मुलं दरवर्षी शाळांतून बाहेर पडत होती. त्यांच्या हाती काय द्यायचं? 1910 मध्ये महाराजांनी विल्यम बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावला आणि संस्थानभर वाचनालयांचं जाळं विणायला लावलं. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय, खाली तालुक्याची, त्याखाली गावची. जिथे तेवढंही शक्य नाही तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरायच्या. गावात पेटी उतरायची, मास्तरांच्या नाहीतर कुणा जबाबदार माणसाच्या ताब्यात राहायची, पुस्तकं वाचून झाली की पुढच्या गावाला निघायची.

एका हाताने लेखकाला मोबदला, दुसऱ्या हाताने गावात पेटी. ब्रिटिश मुलखातल्या मराठी माणसाला अशी जोडी पाहायला मिळाली नाही. तिथे रानड्यांच्या प्रयत्नाने 1894 मध्ये डेक्कन व्हर्नाक्युलर ट्रान्सलेशन सोसायटी निघाली होती, तीच पुढची मराठी ग्रंथोत्तेजक संस्था. तीही ग्रंथाला उत्तेजन देणारी. वाचकाला उत्तेजन देण्याचं काम मासिकांवर सोडलेलं. मासिकांनी ते झकास केलं, हे कबूल करायला हवं. का. र. मित्रांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी कथा-कविता वाचायची चटक मराठी घराला लागली. पुढे मासिकांच्या कथास्पर्धांतून कितीतरी नवी नावं छापून आली. त्यात ना कमिटी, ना अनुदान. संपादकाला अंक खपवायचा असे आणि लेखकाला नाव छापून यायला हवं असे. दोघांची गरज एकमेकांत अडकलेली होती.

स्वातंत्र्यानंतर सरकार पुन्हा बक्षीस देणारं झालं. आधी मुंबई राज्य, मग महाराष्ट्र. 1960 मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं. नवलेखकाच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान, नवलेखकांच्या कार्यशाळा, आणि दरवर्षीचे वाङ्मय पुरस्कार अशी रचना हळूहळू बसत गेली. पुरस्कारांत पहिल्या पुस्तकाची रांग वेगळी ठेवली आहे, ही त्यातली शहाणपणाची गोष्ट. नवख्याला दिग्गजांशी झुंजायला लावत नाहीत. पहिल्या कवितासंग्रहाचा पुरस्कार बहिणाबाई चौधरींच्या नावाने आहे. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, आणि त्यांचा पहिला संग्रह छापून आला 1952 मध्ये, म्हणजे त्या गेल्याच्या दुसऱ्या वर्षी. कुठल्याही स्पर्धेची प्रवेशिका त्यांना भरता आली नसती. नाव ठेवणाऱ्याने हा विचार केला होता की नाही कुणास ठाऊक, पण नाव फार नेमकं पडलं आहे.

कमिटी तीच, पण बसणारी माणसं आणि बाहेरचं जग बदललं की निकाल कसे बदलतात, हेही दिसलं. शाळेत जेमतेम पाऊल टाकलेल्या अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ 1959 मध्ये आली आणि 1961 मध्ये तिला राज्य पुरस्कार मिळाला. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ला राज्य सरकारने गौरवलं, साहित्य अकादमीनेही. 1855 मध्ये ज्या घरांतलं लिखाण कमिटीच्या दारातून परत गेलं, त्याच घरांतली ही पुस्तकं. त्यांना सरकारी शाल मिळाली हे खरं. पण तोवर दलित आणि भटक्या समाजांतून वाचणारी एक अख्खी पिढी उभी राहिली होती आणि तिला टाळून पुढे जाणं कुठल्याच परीक्षकाला परवडणारं नव्हतं, हेही तितकंच खरं.

2022 मध्ये गाडी उलट्या दिशेने गेली. कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या आठवणींच्या पुस्तकाच्या मराठी अनुवादाला, अनघा लेले यांना, तर्कतीर्थांच्याच नावाचा एक लाखाचा राज्य पुरस्कार जाहीर झाला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात घोषणा झाली आणि 12 डिसेंबरला सरकारने आदेश काढून पुरस्कार रद्द केला. निवड करणारी समितीही बरखास्त केली. नक्षलवादाचं उदात्तीकरण होतं, हा आक्षेप. त्यानंतर सरकारी साहित्य-समित्यांवरच्या अनेक लेखकांनी राजीनामे दिले. फुल्यांच्या वेळी निदान परीक्षकांनी वाचून नाकारलं होतं. इथे परीक्षकांनी वाचून स्वीकारलं आणि देणाऱ्याने परीक्षकांनाच घरी पाठवलं. पुस्तकाबद्दल मतं दोन असू शकतात, असावीत. पण परीक्षक नेमल्यावर त्याचा निकाल नको असेल तर नेमायचा कशाला, या प्रश्नाला आदेशात उत्तर नव्हतं.

या सगळ्या बक्षिसांमध्ये एक स्पर्धा मात्र अशी निघाली की जिने लेखक आणि रसिक यांच्यातलं अंतर जवळजवळ शून्यावर आणलं. ती म्हणजे 1954 मध्ये सुरू झालेली राज्य नाट्यस्पर्धा.

कथासंग्रहाला बक्षीस मिळतं, बातमी छापून येते, आणि पुस्तक कुणी वाचलं की नाही हे लेखकाला कळायला वर्षं जातात. नाटकाच्या स्पर्धेत तसं नाही. संहिता परीक्षकासमोर जाते तीच मुळी प्रेक्षकांच्या सोबतीने. गावोगावच्या केंद्रांवर प्राथमिक फेरी. नाटक करणारे कोण? बँकेतले कारकून, वीजमंडळातले कर्मचारी, शाळेतले मास्तर, गिरणीतले कामगार. दिवसभर नोकरी, संध्याकाळी कुणाच्या तरी गच्चीवर नाहीतर शाळेच्या वर्गात तालीम. सेटचं सामान टेम्पोत, सोबत इस्त्री, खिळे, मेकअपची पेटी. प्रयोगाच्या दिवशी तिसरी घंटा होते, आणि मधल्या एका रांगेत अंधारात परीक्षक बसलेले असतात. हातात कागद, समोर मिणमिणता दिवा. मागे तिकीट काढून आलेलं गाव. कुठे हशा पिकला, कुठे खुर्च्या करकरल्या, कुठे खोकल्याची साथ आली, हे लेखक विंगेतून ऐकत असतो. निकाल लागल्यावर परीक्षकांच्या नावाने बोटं मोडायची हाही या स्पर्धेचा ठरलेला भाग. हरलेल्या संस्थेच्या चहाच्या टेबलावर जी समीक्षा होते ती कुठल्याही मासिकात छापून येत नाही, पण पुढच्या वर्षीचं नाटक तीच घडवते.

विजय तेंडुलकरांनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ लिहिलं ते या स्पर्धेसाठी, ‘रंगायन’ संस्थेकरिता. अरविंद देशपांडे यांचं दिग्दर्शन, लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे, साल 1967. विलेपार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेली एक हौशी मंडळी तेंडुलकरांना भेटली होती, तिथून नाटकाचं बीज पडलं. नाटकातही हौशी कलाकारांचीच टोळी आहे, तीही गावातल्या हॉलमध्ये वेळ घालवायला खोटा खटला चालवते आणि बघता बघता एका बाईला खरोखर आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करते. स्पर्धेतल्या परीक्षकांसमोर न्याय करणाऱ्यांच्याच दांभिकपणावरचं नाटक! जोशाचं सोंग उतरवणारं बाड कमिटीपुढे ठेवणाऱ्या जोतीरावांना ही चाल ओळखीची वाटली असती. फरक एवढाच की तेंडुलकरांचं नाटक बाजूला पडलं नाही. ते देशभरातल्या भाषांत गेलं.

स्पर्धेच्या निमित्तानेच पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने 16 डिसेंबर 1972 रोजी भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’ उभं केलं. संगीत भास्कर चंदावरकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. मोजक्या प्रयोगांनंतर संस्थेच्या अध्यक्षांनी ते थांबवलं. नाना फडणीसांचं चित्रण पुण्याला झेपलं नाही. तरुण कलाकार बाहेर पडले, 1973 मध्ये ‘थिएटर अकॅडमी’ काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं. दक्षिणेच्या आख्यायिकेतले तेच नाना इथे वेगळ्याच तऱ्हेने हजर झाले, आणि या वेळी दोन रुपयांत प्रकरण मिटलं नाही.

महाविद्यालयीन पोरांसाठी असाच आखाडा 1963 मध्ये पुण्यात सुरू झाला: महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा. पावसाळ्यात पुण्यातल्या कॉलेजांच्या जिन्यांखाली, पार्किंगमध्ये, कँटीनच्या मागे तालमी चालतात त्या बहुतेक याच्याच. लिहिणारा विशीतला, दिग्दर्शक विशीतला, आणि भरत नाट्य मंदिरात घोषणा देऊन घसा बसवून घेणारा प्रेक्षकही विशीतलाच. मराठी नाटक-सिनेमातल्या किती माणसांचं पहिलं लिखाण या रंगमंचावर झालं याची यादी द्यायची तर हा लेख पुरणार नाही.

2022च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे लेले यांचा पुरस्कार रद्द होण्याच्या तीनच महिने आधी, या स्पर्धेच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. करंडकाच्या योग्यतेची एकही एकांकिका नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. स्पर्धेच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. पोरं हिरमुसली, चिडली. समाजमाध्यमांवर दोन तट पडले. परीक्षकांना नवं नाटक कळत नाही, असं एक म्हणे. कुणीतरी हे सांगायलाच हवं होतं, असं दुसरा. जुने करंडकविजेते वादात उतरले. आयोजकांनी मात्र निकालाला हात लावला नाही आणि परीक्षकांनाही कुणी घरी पाठवलं नाही. पुढच्या वर्षी स्पर्धा ठरल्यावेळी भरली आणि प्रवेशिकांसाठी कॉलेजांची रांग नेहमीसारखीच लागली.